पंचनाम्यात तलाव का नाही?

मराठवाड्यातल्या भूकंपाची बातमी आता ठरलेल्या साच्यात येते. पहाटे जमीन हादरली, पत्रे वाजले, मांडणीवरची भांडी पडली, लोक लेकराबाळांसह अंगणात आले, केंद्रबिंदू अमुक तालुक्यात. आणि शेवटी प्रशासनाचं वाक्य, ‘कोणतीही जीवित वा वित्तहानी झालेली नाही.’ २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी या पट्ट्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहाएक मिनिटांत दुसरा, थोडा हलका. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५.

ते शेवटचं वाक्य खोटं नसतं. पण ते तयार कसं होतं? तहसीलमधून तलाठ्यांना फोन जातात: घरं पडली का, कोणी जखमी आहे का, जनावरं दगावली का. भिंतींना तडे गेले असतील तर पंचनामा होतो. गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या मध्ये पाणी अडवून उभी असलेली मातीची भिंत मात्र या प्रश्नांत कुठेच नसते. ती कोणाचं घर नाही, कोणाचं शेत नाही. तिच्या नुकसानभरपाईसाठी कोणी अर्ज करणार नाही.

भूकंप जाणवलेल्या प्रत्येक गावात, गावावरच्या प्रत्येक तलावाच्या पाहणीचा एक कागद पंचनाम्याला जोडलेला असलाच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. तो कागद भरणारा माणूस भूकंपाच्या आधीच नेमलेला हवा. आणि कागद कोरा असेपर्यंत तो तलाव पुढच्या पावसात भरू द्यायचा नाही. पहिल्या दोन मागण्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. भांडण तिसऱ्या मागणीवर होतं, आणि खरं तर तीच महत्त्वाची आहे.

आधी भीतीचं माप नीट लावू. ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नीट बांधलेलं मातीधरण फुटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांच्या खाली बेसाल्टचा खडक फार खोल नसतो. भिंतीच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याला इंजिनिअर मंडळी हार्टिंग म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी मुरुमाचं आवरण, म्हणजे केसिंग. अशी रचना चांगला मार सोसते. अडचण ‘नीट बांधलेलं’ या दोन शब्दांत आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर महाराष्ट्रात हजारोंनी पाझर तलाव, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवणारे तलाव, झाले. माणसांच्या हाताला काम द्यायचं होतं, आणि ते काम त्या वर्षांनी चोख केलं; त्याबद्दल त्या पिढीचे उपकारच आहेत. पण माती किती थरांत टाकली, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर किती वेळा फिरला, याची नोंद आज बहुतेक तलावांची कोणाकडेही निघणार नाही. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पाळीवर, म्हणजे या मातीच्या भिंतीवर, बाभळी, सुबाभळी वाढल्या, काही तोडल्या गेल्या, त्यांची मुळं आत कुजून पोकळ झाली. घुशींनी बिळं केली. ट्रॅक्टर जाऊन जाऊन माथा मधोमध दबला. कोणी रात्रीतून पायथ्याचा मुरूम भरून नेला. भूकंप या सगळ्यावर येतो.

शिवाय मराठवाड्यात कायम ४.५ च येतो असं समजायला किल्लारीने जागा ठेवलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक परतून झोपले होते तेव्हा, ६.२ चा धक्का बसला आणि हजारो माणसं गेली. तो भाग तोवर देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यांत कमी धोक्याचा मानला जात होता. सप्टेंबरअखेर म्हणजे पाऊस चांगला झाला असेल तर मराठवाड्यातले तलाव भरलेले असण्याचे दिवस.

ही तारखेची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सगळा हिशेब तिच्यावर फिरतो. दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला भूकंप झाला. त्यात भूज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त झाले हे सगळ्यांना आठवतं. तिथल्या मातीच्या धरणांचं काय झालं हे फारसं कोणाला माहीत नसतं. चांग, शिवलखा, सुवी, टप्पर, फतेहगढ, कासवती, रुद्रमाता अशी एकामागून एक लहान-मध्यम धरणं खचली, माथ्यावर लांबच लांब भेगा पडल्या, पाण्याकडचे उतार घसरून पुढे सरकले. चांगचं धरण तर जवळजवळ बसलंच. उंची सारी पंधरा-सोळा मीटर. पायाखालच्या ओल्या, सैल गाळाने हादऱ्यात आपली ताकद सोडली आणि वरची भिंत त्यात रुतली. तरीही या धरणांच्या पुराने गावं वाहून गेली नाहीत, कारण धरणांत पाणीच जेमतेम होतं. आधीची वर्षं दुष्काळाची, त्यात महिना जानेवारीचा. कच्छला त्या दुष्काळाने वाचवलं, आणि पुढचा पाऊस यायला पाचेक महिन्यांची मुदतही मिळाली.

जपानमध्ये फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावाजवळ फुजिनुमा नावाचा शेतीचा तलाव होता. मातीची भिंत, उंची साडेअठरा मीटर, १९४९ मध्ये पुरी झालेली. ११ मार्च २०११ चा महाभूकंप झाला तेव्हा लावणीच्या हंगामासाठी तलाव भरून ठेवलेला होता. माथा खचला, पाणी वरून वाहू लागलं आणि अर्ध्या तासाच्या आत भिंत गेली. खालच्या वस्तीतली सात माणसं मेली, एक बेपत्ता झालं. त्सुनामी आणि अणुभट्टीच्या बातम्यांत ही बातमी बुडून गेली.

फुजिनुमासारख्या अर्ध्या तासात कोणतीही यंत्रणा पोचत नाही. तिथे उपयोगाचं काही असेल तर ते आधीची डागडुजी आणि ‘जमीन जोरात हलली की ओढ्याकाठ सोडून वर जायचं’ हे गावाला ठाऊक असणं. पण बहुतेक तलावांचं दुखणं तसं नसतं. धक्क्याने भिंतीला आडवी भेग जाते, विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या सोयीच्या, नळाभोवतीची माती सैल होते, माथा वीतभर खाली बसतो. तलाव अर्धा असेल तर त्या दिवशी काहीच घडत नाही. पाणी त्या भेगेपर्यंत पोचतं तेव्हा पंचनामे होऊन, अनुदान वाटून, बातमी शिळी होऊन आठ महिने झालेले असतात. मग एखाद्या रात्री तलाव फुटतो आणि कारण म्हणून अतिवृष्टी लिहिली जाते.

आता कायद्याकडे वळू. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा वाचला तर त्यात भूकंप विसरलेला नाही. प्रत्येक भूकंपानंतर धरणाची विशेष तपासणी करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. फक्त ‘धरण’ म्हणजे काय, हे त्याने ठरवून घेतलं आहे. १५ मीटरपेक्षा उंच असेल तर धरण. १० ते १५ मीटर असेल तर लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर वगैरे अटींपैकी एखादी पुरी व्हायला हवी. त्याखालचं सगळं कायद्याच्या बाहेर. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, त्यांच्यासाठी नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासण्या होतात. कोयनेचं उदाहरण तर जगभरच्या अभ्यासक्रमात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, १०३ मीटर उंच धरणाच्या काही भागांना आडव्या भेगा गेल्या. त्या भरल्या गेल्या, धरणाला मागून टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं, आणि तेव्हापासून त्या परिसरातला बारीकसारीक हादराही यंत्रावर नोंदला जातो. एका मोठ्या धरणाला आपण हे सगळं दिलं, आणि ते योग्यच होतं.

आठ-नऊ मीटरच्या पाझर तलावाचं काय? त्यात एक लाख घनमीटर पाणी असेल तर ते दहा कोटी लिटर झालं. मोठ्या धरणापुढे हे काहीच नाही. पण मोठ्या धरणाखालचं गाव सहसा काही किलोमीटरवर असतं. तलावाखालची वस्ती कधी कधी हाकेच्या अंतरावर असते, ओढ्याच्या काठाला, आणि तिथे राहतात ती माणसंही बहुधा गावातली सगळ्यांत गरीब. धोका भिंतीच्या उंचीवर मोजायचा की खाली किती घरं आहेत यावर? कायद्याने उंची धरली. मोजायला सोपी आहे, हे मान्य.

या छोट्या तलावांचा मालक शोधणं हा तर स्वतंत्र उद्योग आहे. काही जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाचे, काही मृद व जलसंधारणचे, काही जलसंपदाचे, काही वन विभागाच्या हद्दीत, काही कधीतरी ग्रामपंचायतीकडे ‘हस्तांतरित’ झालेले पण ज्यांचा कागद कोणी पाहिलेला नाही असे. गावकऱ्याने गळतीची तक्रार केली की पहिलं उत्तर मिळतं, ‘तो तलाव आमच्याकडे येत नाही.’ चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा भूकंप नव्हता. पण गळतीबद्दल गावाने आधी तक्रारी केल्या होत्या आणि त्या कागदांचा प्रवास कसा झाला, हे सगळ्या राज्याने पाहिलं. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं, त्यावर विनोद झाले, लोकांनी खेकडे घेऊन आंदोलनं केली. खेकडे भिंत पोखरतात हे खरंच आहे. म्हणून तर तिच्याकडे बघायला माणूस ठेवायचा असतो.

तो माणूस काय बघेल? इथे अभियंत्यांचा नेहमीचा आक्षेप येतो की गावातल्या माणसाला भेग कळणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः आपल्या मातीत. काळी माती उन्हाळ्यात तशीही फाटते. मे महिन्यात पाळीवर उभं राहिलं तर बोटं जातील एवढ्या भेगा असतात. त्यातली भूकंपाची कोणती? उन्हाच्या भेगा जाळीसारख्या, सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात. हादऱ्याची भेग एका रेषेत धावते आणि पुष्कळदा तिच्या एका काठाची माती दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेली असते. चप्पल काढून अनवाणी चाललं तर पायाला लागते. पाळीच्या लांबीला धरून गेलेली भेग वाईट, पण पाळ ओलांडून पाण्याकडून गावाकडे गेलेली भेग त्याहून वाईट, आणि ती टेकडीला भिंत मिळते तिथे किंवा विमोचकाच्या नळावर असेल तर लगेच फोन करायचा. पायथ्याला पाझर असतोच. तो काल होता त्यापेक्षा वाढला का, आणि पाणी निवळ येतं की गढूळ, हे बघायचं. गढूळ म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. जास्तीचं पाणी वाहून जातं त्या सांडव्याच्या भिंतीला तडा आहे का, माथा कुठे बसला आहे का. एवढं ओळखायला पदवी लागत नाही. भेग किती खोल आहे हे ठरवायला मात्र लागते: तिच्यात चुन्याचं पातळ पाणी ओततात आणि बाजूने चर खणून पांढरी रेघ कुठवर गेली ते बघतात. ते काम शाखा अभियंत्याचं. गावच्या माणसाने फक्त त्याला बोलवायचं आहे, आणि बोलावल्यावर त्याने यायचं आहे.

पण यात एक अट आहे, आणि तिच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. भूकंपानंतर काय बदललं हे कळायला आधी काय होतं ते माहीत हवं. पाळीवर रंगाने चार-पाच खुणा करायच्या, वर्षातून दोनदा त्याच खुणांवरून मोबाईलवर फोटो काढायचे, पायथ्याचा पाझर बादलीने मोजून लिहून ठेवायचा. हे नसेल तर भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आलेला अभियंताही चाचपडेल, आणि चाचपडणारा माणूस अहवालात ‘धोका दिसून येत नाही’ असं लिहितो. त्यात त्याचा दोष थोडाच असतो. जपानमध्ये दीड लाखाच्या वर शेततलाव आहेत, त्यांतले कित्येक दोन-तीनशे वर्षं जुने, आणि ते सांभाळणारे बरेचसे लोक म्हातारे शेतकरी. तिथे २०१९ मध्ये खास या तलावांसाठी कायदा झाला, मालकांनी नोंद करणं बंधनकारक झालं, आणि ठरावीक तीव्रतेवरचा भूकंप झाला की खाली वस्ती असलेल्या तलावांची तातडीची पाहणी करून वर कळवायची पद्धत आहे. मोठ्या धरणांच्या कायद्याला शेपूट जोडून त्यांनी भागवलं नाही. लहान तलावाला लहान तलावाचा कायदा केला. इथे आपणही तेच करायला हवं, असं मला वाटतं.

आता भांडणाचा भाग. पाहणीत गंभीर काही दिसलं तर पाणी उतरवायचं. कसं? कालवा असलेल्या लघु तलावाला विमोचक असतो, म्हणजे निदान कागदावर असतो. प्रत्यक्षात गेटचा दांडा गंजलेला, चाक चोरीला गेलेलं, गेटच्या विहिरीत गाळ. पाझर तलावाला तर बहुधा विमोचकच नसतो, कारण पाणी जमिनीत मुरावं यासाठीच तो बांधलेला. पाणी काढायची सोय करण्याचं कारणच नव्हतं. मग उरतात तीन वाटा: मोटारी लावून उपसणे, पाळीवरून नळ टाकून वक्रनलिकेने, म्हणजे सायफनने, पाणी ओढणे, किंवा सांडव्याच्या तळाशी खडकात चर मारून त्याची पातळीच खाली आणणे. पाळीला हात लावायचा नाही. घाबरून जेसीबीने पाळ फोडणं म्हणजे टाळायची आपत्ती स्वतः ओढवून घेणं. तिन्ही वाटा शक्य आहेत, फार खर्चीकही नाहीत, पण त्यासाठी कोणीतरी सही करावी लागते.

आणि सही अवघड आहे. ऑक्टोबरात भरलेला तलाव संशयावरून रिकामा करा म्हणणं मराठवाड्यात सोपं नाही. त्या पाण्यावर विहिरी आहेत, विहिरींवर हरभरा आणि ऊस आहे, जानेवारीनंतर टँकर टळणार की नाही हे त्यावर आहे. मासेमारीचा ठेका घेतलेल्या संस्थेने बीज सोडलेलं आहे. भिंत फुटली तर बुडणार ओढ्याकाठची वस्ती. पाणी सोडलं तर नुकसान बागायतदाराचं. ग्रामसभेत आवाज कोणाचा मोठा असतो हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच हा निर्णय गावावर सोडून चालणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिलेले आहेत. नियम असा हवा की पाहणीत धोक्याचा ठरलेल्या तलावाची पातळी ठरावीक दिवसांत उतरवायची, त्या हंगामात गावाला टँकर आणि ठेकेदाराला सूट आपोआप लागू करायची, आणि दुरुस्ती होऊन कोणीतरी नावानिशी सही करेपर्यंत सांडवा खालीच ठेवायचा. २००८ मध्ये चीनच्या सिचुआनमध्ये भूकंपाने दोन हजारांवर जलाशयांना इजा केली, बहुतेक सगळे लहान, आणि पावसाळा तोंडावर होता. तिथेही धोक्यातल्या तलावांचं पाणी उतरवण्यावरच भर दिला गेला. तिथलं सरकार विरोध ऐकून घेत नाही, हा फरक आहे. आपल्याला ऐकून घ्यावा लागेल, म्हणून भरपाई आधी ठरवावी लागेल.

‘लोक उगाच घाबरतील’ हा आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. ज्या गावाने पहाटे दोनदा अंगण गाठलं ते आधीच घाबरलेलं आहे. दुपारी कोणीतरी पाळीवरून चालत गेला आणि संध्याकाळी पारावर येऊन ‘भिंत ठीक आहे, पाझर तेवढाच आहे’ असं सांगितलं तर भीती कमीच होईल.

राहिला प्रश्न पैशाचा. ग्रामपंचायतीच्या डोक्यावर आणखी एक बिनपैशाचं काम टाकलं तर त्याचं काय होतं ते आपण जाणतो: रजिस्टर मिळतं, मार्चअखेर एका बैठकीत भरलं जातं. त्यामुळे तलाव राखणाऱ्याला मानधन हवं, थोडं का होईना पण वेळेवर, आणि त्याच्या गैरहजेरीत काम बघणारा दुसरा माणूसही नेमलेला हवा, कारण भूकंप त्याच्या ऊसतोडीचं वेळापत्रक बघून येत नाही. राज्य सरकारने शासन निर्णय काढला तर उत्तम. पण तोवर थांबायचं कारण नाही. तलावातल्या मासेमारीचा ठेका निघतो तेव्हा त्याची रक्कम कोणाच्या खात्यात जाते हे गावाला पाठ असतं. त्यातला ठरावीक वाटा त्याच तलावाची पाळ, सांडवा आणि राखणदार यांवर खर्च व्हावा, असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवायला ग्रामसभेला कोणी अडवलेलं नाही. ठरावासोबत तलावाचा मालक विभाग कोणता, हेही लेखी मागावं. उत्तर द्यायला तीन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर निदान ते कागदावर येईल.